मोटारीमागचा कोळसा

रब्बीचे दिवस आहेत. हिंगणीच्या शिवारात गहू, हरभरा उभा आहे. विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटार चालू आहे. धूर नाही, राख नाही. पण धूर निघतोच. तो दुसरीकडे निघतो.

आपल्या देशातली निम्म्याहून जास्त वीज कोळशावर होते. चंद्रपूरला असे मोठे केंद्र आहे. कोळशाच्या आगीवर पाण्याची वाफ होते. वाफेने चाक फिरते आणि वीज तयार होते. १ युनिट विजेला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आता हिशेब करू. आपली मोटार तासाला सुमारे ४ युनिट वीज खाते. ८ तासांत ३२ युनिट झाले. म्हणजे बावीस किलोंच्या आसपास कोळसा जळाला!

त्याचा वायू होतो सुमारे ३२ किलो. कुणी म्हणेल, "बाविसाचे बत्तीस काहून झाले, बाप्पा?" जळताना कोळसा हवेतला प्राणवायू जोडून घेतो. म्हणून वजन वाढते. हा कर्बवायू डोळ्यांना दिसत नाही. तो घोंगडीसारखा पृथ्वीची ऊब अडवून धरतो. त्याने उन्हाळा वाढतो, पावसाचा नेम राहत नाही. कोरडवाहू कापूसवाल्याला हे सांगायला नको.

"मग मोटार बंद करून बसावं काय?" मुळीच नाही. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४० क्विंटल कर्बवायू सोडतो. भारतातला माणूस सोडतो सुमारे २० क्विंटल. आधी कुणी हात आखडावा, हे यावरून समजते. गावाला ओलितासाठी, दिव्यासाठी, दळणासाठी अजून वीज हवीच आहे. मोट ओढण्याचे कष्ट परत नकोत.

पण कोळसा म्हणजे बोर धरण नव्हे. धरण पावसाळ्यात पुन्हा भरते. खाण भरत नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेल्या कुमारप्पांनी हा फरक फार पूर्वी सांगितला होता. ऊन मात्र रोज नवे येते. २०२४ साली राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना सुरू झाली. तीत शेतकऱ्याने किमतीचे १० टक्के भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. आम्हाला यात आणखी एक सोय दिसते. बोरचे वाघाचे जंगल इथून जवळ आहे. रात्रीच्या लाईनवर ओलिताला जाणे म्हणजे जिवाला घोर. उन्हावरची मोटार दिवसाच चालते.

मात्र तिला बिल येत नाही, म्हणून ती दिवसभर चालू ठेवू नका. विहीर लवकर आटेल. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी बहुधा पुरतात.