पत्ते अपुरे पडतात तेव्हा

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वनाच्छादित सालेकसा तालुक्यात दूरच्या गावाहून दाखल्यासाठी येणाऱ्या शेतकऱ्याचा दिवस आज कार्यालयातील संगणकावर अवलंबून असतो. संगणक सुस्थितीत असूनही जाळ्यात त्याला पत्ता मिळाला नाही, तर शेतकऱ्याला रिकाम्या हाती परतावे लागते.

१९९४ साली खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी १९२.१६८.१.० हे जाळे घेऊ. मास्क २५५.२५५.२५५.० असता त्यात २५६ पत्ते होतात. पहिला व शेवटचा वगळून २५४ वापरता येतात. संगणक, मुद्रणयंत्रे व भ्रमणध्वनी मिळून ते संपतात. मास्क २५५.२५५.२५४.० केल्यास १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.१.२५५ पर्यंतच्या टप्प्यात ५१० पत्ते उपलब्ध होतात. मात्र हा बदल प्रत्येक यंत्रावर व्हावयास हवा. जुन्या मास्कवर राहिलेल्या यंत्राचा नव्या पत्त्यांशी थेट संपर्क होत नाही.

त्याहून हितावह मार्ग विभागणीचा होय. महसूल, भूमी अभिलेख व अभ्यागत यांना स्वतंत्र उपजाळी द्यावीत आणि राउटरने ती जोडावीत. एका उपजाळ्यातील गोंधळ मग तेथेच थोपविता येतो. तथापि, सर्वप्रथम पत्त्यांची नोंदवही तयार करावी. कोणता पत्ता कोणाकडे आहे हे ठाऊक असेल, तरच विस्तार कोठे व किती करावा हे ठरविता येईल.