शेळ्यामेंढ्यांच्या औषधाची मात्रा आणि पिचकारीचे वाचन

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत पाऊस भरपूर पडतो, तर येवला, नांदगाव, मालेगाव या भागांत तो बेताचा असतो. तथापि पावसाळा लागला की दोन्हीकडे ओल्या गवतावर जंतांच्या अळ्या चढतात व चरताना शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात. म्हणून जंतनाशक औषध पाजण्याचा प्रघात आहे. परंतु ते किती पाजले, हे पुष्कळदा कोणी मोजत नाही. बाटलीचे टोपण भरून लहानमोठ्या सर्व जनावरांना सारखेच औषध दिले जाते.

यात दुहेरी हानी आहे. मात्रा कमी पडली तर चिवट जंत जगतात, त्यांचीच पैदास वाढते व पुढे ते औषध त्या कळपावर चालेनासे होते. मात्रा फार झाली तर करडांना अपाय होतो.

मात्रा वजनावरून ठरवावी

अल्बेंडाझोल या औषधाचे उदाहरण घेऊ. शेळीला दर किलो वजनास ७.५ मिलिग्रॅम ही त्याची नेहमीची मात्रा आहे. औषध २.५ टक्के तीव्रतेचे असेल, तर त्याच्या १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध असते.

२२ किलोची शेळी : २२ × ७.५ = १६५ मिलिग्रॅम; १६५ ÷ २५ = ६.६ मिलिलिटर.

६ किलोचे करडू : ६ × ७.५ = ४५ मिलिग्रॅम; ४५ ÷ २५ = १.८ मिलिलिटर.

तेच औषध १० टक्के तीव्रतेचे असल्यास एवढ्याच मिलिलिटरमध्ये चौपट औषध जाईल. म्हणून बाटलीवरील टक्केवारी प्रत्येक वेळी वाचावी. वजन डोळ्यांनी न अजमावता ताणकाट्यावर करावे. मिलिलिटर व सी.सी. ही एकाच मापाची दोन नावे आहेत.

योग्य पिचकारी निवडावी

मात्रा जीत एका वेळी मावेल, अशी सर्वांत लहान पिचकारी घ्यावी. २० मिलिलिटरच्या पिचकारीवर बहुधा एकेक मिलिलिटरच्या रेघा असतात. करडाची १.८ मिलिलिटर मात्रा तीत मोजताना एका रेघेची चूक झाली, तर निम्म्याहून अधिक मात्रा चुकते. २ मिलिलिटरच्या पिचकारीवर रेघा ०.१ मिलिलिटरच्या असतात. तेथे एका रेघेची चूक म्हणजे केवळ अठरावा हिस्सा. मोठ्या शेळीसाठी १० मिलिलिटरची पिचकारी सोयीची.

मधुमेहाच्या इन्सुलिनची पिचकारी मात्र या कामी वापरू नये. तिच्यावर मिलिलिटर नसून युनिटचे आकडे असतात. ४० युनिटच्या पिचकारीत ४० हा आकडा म्हणजे अवघा १ मिलिलिटर.

वाचन असे करावे

१. लगतच्या दोन आकड्यांमध्ये किती घरे आहेत ते मोजावे. १ व २ यांमध्ये ५ घरे असतील, तर एक घर ०.२ मिलिलिटरचे.

२. बाटली चांगली हलवावी. तळाशी औषध बसले असता वाचन अचूक असूनही मात्रा चुकते.

३. औषध ओढल्यावर पिचकारीचे तोंड वर धरून टिचकी मारावी व बुडबुडे बाहेर काढावेत. बुडबुड्याने अडवलेली जागा औषधाची नव्हे.

४. पिचकारी डोळ्यांच्या पातळीत धरावी. दट्ट्याच्या रबराची तोंडाकडील जी कड नळीला टेकते, तीच रेघेशी जुळवावी. रबराचे टोक किंवा मागची कड धरू नये.

पाजताना घ्यावयाची काळजी

सुई काढून टाकावी. जबड्याच्या कडेने, दात नसलेल्या जागेतून औषध सावकाश सोडावे. मान फार उंचावू नये. ठसका लागून औषध फुप्फुसात गेल्यास जनावर दगावते. गाभण शेळीस, विशेषतः पहिल्या महिन्यात, पशुवैद्यकांना विचारल्याखेरीज हे औषध देऊ नये. औषध दिल्यावर दूध व मांस किती दिवस वापरावयाचे नाही, ते बाटलीवर पाहावे. टोचावयाची औषधे पशुवैद्यकांकडूनच द्यावीत.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी औषध पाजण्याच्या दिवसापूर्वी साध्या पाण्याने प्रात्यक्षिक करून घ्यावे. प्रत्येक पशुपालकाने ६.६ व १.८ मिलिलिटर पाणी स्वतः मोजून दाखवावे. ज्याला पाणी अचूक मोजता आले, त्याच्याच हाती औषधाची पिचकारी द्यावी.