संकेतस्थळ ना-नफा, जबाबदारी मात्र पूर्ण

शाळा, ग्रामपंचायती, वाचनालये आणि सेवाभावी मंडळे यांची संकेतस्थळे आता अनेक ठिकाणी आढळतात. त्यांवर विक्री नसते, नफ्याचा हेतू नसतो. त्यामुळे खाजगी माहितीच्या संरक्षणाचे नियम केवळ व्यापारी कंपन्यांसाठी आहेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही.

स्वीडनमधील खटला

१९९८ च्या अखेरीस स्वीडनमधील अल्सेदा येथील चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या एका महिलेने घरच्या संगणकावर संकेतस्थळ तयार केले. धर्मविधीची तयारी करणाऱ्यांना माहिती मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. त्यावर तिने आपल्या १८ सहकाऱ्यांचीही माहिती दिली. एका सहकारी महिलेच्या पायाला दुखापत झाल्याने ती अर्धवेळ काम करते, असेही त्यात नमूद केले. सहकाऱ्यांची संमती मात्र घेतली नव्हती. काहींना हे रुचले नाही असे कळताच तिने ती पाने काढून टाकली. तरीही तिच्यावर खटला होऊन ४,००० क्रोनर दंड झाला.

अपिलाच्या वेळी कायद्याच्या अर्थाचा प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे गेला. ६ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, घरगुती वापराला मिळणारी सूट अशा प्रकाशनाला लागू होत नाही. कारण ते असंख्य लोकांना खुले असते. पायाच्या दुखापतीचा उल्लेख हीदेखील आरोग्यविषयक माहितीच होय. मात्र हे नियम लावताना अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी समतोल राखला पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले.

आपला कायदा

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाची रचनाही अशीच आहे. व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळला आहे. संस्था ना-नफा आहे, एवढ्यावरून सूट मिळत नाही. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तयारीसाठी हा काळ उपयोगी आहे.

काय करावे?

१. कामापुरतीच माहिती घ्यावी. वाचनालयाच्या सभासदत्वासाठी जन्मतारीख वा आधार क्रमांक खरोखर लागतो काय, याचा आधी विचार करावा.

२. संमती मागताना माहिती कशासाठी हवी, हे सोप्या भाषेत सांगावे. ही सूचना मराठीतूनही मिळण्याची सोय कायद्यात आहे. दिलेली संमती परत घेता येते.

३. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत सर्वसाधारणपणे पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. विद्यार्थ्यांची छायाचित्रे वा गुणपत्रके प्रसिद्ध करताना शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

४. कायद्याने प्रसिद्ध करणे बंधनकारक असलेली माहिती जरूर द्यावी. परंतु लाभार्थींच्या यादीबरोबर बँक खाते वा दूरध्वनी क्रमांक अनवधानाने जाऊ नयेत.

५. काम संपल्यावर माहिती काढून टाकावी. ती फुटल्यास संबंधितांना कळवावे.

ग्रामस्थ आपली माहिती विश्वासाने देतो. तिचा एक भाग जरी उघड्यावर पडला, तरी त्याचा त्रास त्यालाच सोसावा लागतो. संस्थेचा हेतू कितीही चांगला असला तरी तो त्रास कमी होत नाही. म्हणून प्रत्येक संस्थेने आपले संकेतस्थळ एकदा या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे.