बेल्ट आणि थोरल्या मामांचा पाय

कोल्हापूर,
बुधवार, रात्र

चि. बंडू यास अनेक आशीर्वाद.

फोन केला असता तर 'हो मामा, हो मामा' म्हणून तू मोकळा झाला असतास, म्हणून लिहायला बसलो. काल अक्काचा फोन आला होता. जीप तयार झाली, गणपतीला तीच घेऊन आंबा घाटाने देवरुखला जायचं, असं हरखून सांगत होती. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बेल्ट तेवढा मधूनमधून पडतो म्हणे, पण बंडू दोन मिनिटांत चढवतो." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

अरे, बेल्ट पडतो म्हणजे काय झाडाचं पान आहे का ते?

तू पाठवलेला व्हिडिओ पुन्हा काढून बघितला. पहिल्यांदा मी नुसता रंग बघून खूश झालो होतो, ती माझी चूक. या वेळी तू इंजिन बंद करतोस ती जागा चारदा पाहिली. डिझेल इंजिन बंद होताना जोरात हेलकावतं. तुझं चांगलं बोटभर हललं. आणि अल्टरनेटर? जागचा ढिम्म. म्हणजे त्याचं ब्रॅकेट तू इंजिनावर न बसवता चासीला वेल्ड केलंयस. इंजिन रबरावर झुलतं, चासी झुलत नाही. बेल्ट ज्या ज्या पुलीवरून फिरतो, ती प्रत्येक पुली इंजिनाच्याच अंगावर पाहिजे. नाहीतर उभ्या गाडीत तू दोरा लावून कितीही लाइनीत आण, ॲक्सिलरेटर दाबला की ओळ मोडली.

तुझी अडचण मला कळते. पूजोचं 2112 सीसीचं इंजिन काढून बोलेरोचं 2523 सीसीचं बसवलंस, अल्टरनेटर कशाला तरी अडला असणार. पण आपल्याला अडलं म्हणून इंजिन हलायचं थांबत नाही. आणि त्या अल्टरनेटरच्या पाठीला ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप आहे, हे विसरलास? बेल्ट गेला की पाणी उकळतं, बॅटरी उतरते, ते सोड. बूस्टरमधला साठा ब्रेक दोन-तीनदा दाबेपर्यंत पुरतो. पुढे पेडल दगड होतं. घाटाच्या उतारावर, शेजारी अक्का.

आता एक सांगतो, ते घरात कुणाला सांगितलेलं नाही. थोरल्या मामांचा पाय तालमीत गेला, असं तू लहानपणापासून ऐकत आलास. तालमीत नाही गेला. 1981 साल, मी बावीस वर्षांचा. गॅरेजात गिऱ्हाइकाची पेट्रोलची जुनी जीप आली होती. डायनामोची पुली आत बसत होती, मी ब्रॅकेटमागे तीन वॉशर घालून बाहेर काढली. दोन सारखे, तिसरा पातळ. चार दिवसांत बेल्टची एक कड काचेसारखी चकचकीत झाली आणि पुलीखाली काळी पूड साचली. ती मी बोटाने पुसली आणि म्हणालो, "चालतंय की!" मग कुणाला न विचारता तीच गाडी काढून मी आणि दादा देवरुखला गेलो. परतताना रात्री, पावसात, साखरप्याच्या वर चढावर बेल्ट उडाला. पाणी उकळलं, दिवे पिवळे पडले. हँडब्रेक धरेना, म्हणून दादा चाकामागे दगड लावायला उतरला. जीप वीतभरच मागे आली.

गाडी चोरून नेलेली, म्हणून बाबांना तालमीचं सांगितलं. दादानेच सुचवलं. चव्वेचाळीस वर्षं तो लंगडतोय आणि एकदाही मला बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, नीट वाच. आधी इंजिनाचं फाउंडेशन, मग बेल्ट. फाउंडेशनचे सगळे बोल्ट ढिले कर, इंजिन आपल्या वजनाने रबरावर बसू दे, रबराला पीळ राहता कामा नये, मग कस. ऑइल पिऊन फुगलेलं रबर बदल. हलतंय म्हणून रबराच्या जागी लोखंडी ठोकळा टाकायची अक्कल कुणी दिली तर ऐकू नकोस, तो धक्का चासीत जातो आणि वेल्डपाशी चीर पडते. पुढून इंजिन उचलण्यासाठी वॉशर रचले असशील तर काढ. नाक वर गेलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली जाते आणि प्रोपेलर गुणगुणायला लागतो. पंखा आणि रेडिएटर यांच्यात इंचभर जागा आहे का, तेही बघ.

मग अल्टरनेटर इंजिनावर घे. पट्टी पुलीच्या तोंडाला लावून फसू नकोस, सगळ्या पुल्यांच्या कडा सारख्या जाड नसतात. खाचेच्या मध्यापासून खाचेच्या मध्यापर्यंत बघ. फूटभर अंतरात दोन-अडीच मिलिमीटरचा फरक ही शेवटची हद्द, तू एकाच्या आत आण. पुली सरकली आहे की कलली आहे, हे आधी ओळख. सरकलेली स्पेसरने सुटते. कललेलीला ब्रॅकेटच नवं करावं लागतं, तिथे वॉशर घालणं म्हणजे मी केलं तेच. शेवटी चालू इंजिनात, हात लांब ठेवून, बेल्टवर थोडं पाणी शिंपड. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर ओळ चुकली आहे. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे.

आणि आरटीओत जाऊन इंजिन बदलल्याचे कागद कर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काही तुझ्या हौसेपुरतं बाजूला बसणार नाही.

तू मला मागे ऐकवलं होतंस, बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला, 1920 साली 'सैरंध्री' काढला, मग मला जीप का जमू नये? जमेल. पण त्यांच्या कॅमेऱ्यात फिल्म सरकली तर चित्र बिघडत होतं, माणूस नव्हे.

रागावलो असेन जरा. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं वेल्डिंग मी व्हिडिओत पाहिलं, शिवण सरळ आहे, एवढी सरळ माझी तिशीतही येत नव्हती. भोसरीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, नोकरी सांभाळून, एकट्याने इंजिन उतरवलंस आणि चढवलंस. मला कळल्यावर गल्लीत चार जणांना सांगून आलो. तुला सांगायचं राहिलं. आमच्या पिढीला शिव्या तोंडावर देता येतात, कौतुक पाठीमागेच करतो आम्ही.

तू फक्त खाचा मोजून माप पाठव. उद्यमनगरात ओळखीच्या लेथवर स्पेसर वळून घेतो आणि शनिवारच्या एसटीने येतो. दोघं मिळून बसवू. तोवर गाडी शेडच्या बाहेर काढायची नाही, शपथ आहे.

तुझा,
मामा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी दादाला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, देवरुखला मीही येणार, आणि पुढची सीट माझी. तिथे पाय लांब करता येतो.