घोडा एक, अर्थ अनेक

इंग्रजीत 'हॉर्स', फ्रेंचमध्ये 'शव्हाल', मराठीत घोडा. इथवर सगळं सोपं. पण शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून भाषांतर करायला बसलं, की घोडं अडतं. आपल्यापैकी बरेचजण फ्रेंच शिकतात, म्हणून तिन्ही भाषांतले अर्थ शेजारी ठेवून पाहूया.

१. बुद्धिबळातला घोडा
आपण घोडा म्हणतो, पोर्तुगीजही घोडाच म्हणतात. इंग्रजीत मात्र तो 'नाइट', म्हणजे सरदार, आणि फ्रेंचमध्ये 'काव्हालिए', म्हणजे घोडेस्वार. सोंगटीवर तोंड घोड्याचं, नाव स्वाराचं!

२. लाकडाची घोडी
सुतार फळी कापताना जिच्यावर ठेवतो ती घोडी. इंग्रजीत 'सॉ-हॉर्स', फ्रेंचमध्ये 'शव्हाले', म्हणजे छोटा घोडा. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात तीही आपली घोडीच. व्हायोलिनच्या त्याच भागाला फ्रेंच लोक 'शव्हाले' म्हणतात, इंग्रज 'ब्रिज', म्हणजे पूल. चित्रकाराच्या तिकाटण्यालाही फ्रेंचमध्ये 'शव्हाले'. इंग्रजीतला 'ईझल' हा शब्द डच भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ आहे गाढव! जनावर बदललं तरी काम एकच: पाय रोवून भार पेलायचा.

३. बंदुकीचा घोडा
इथे तर प्राणीच बदलतो. मराठीत घोडा, इंग्रजीत 'कॉक' म्हणजे कोंबडा, फ्रेंचमध्ये 'शियँ' म्हणजे कुत्रा. पोर्तुगीजमध्येही कुत्राच. इथे 'हॉर्स' लिहिलं, तर वाचणाऱ्याला काय कळणार?

४. मोठेपणाचा घोडा
घोडचूक, घोडनवरा या शब्दांत घोडा कुठे दिसत नाही, फक्त 'प्रमाणाबाहेर' एवढंच कळतं. इंग्रजीत मोठ्याने, खिंकाळल्यासारखं हसणं म्हणजे 'हॉर्स-लाफ'. फ्रेंचमध्ये सणसणीत ताप आला तर तो 'घोड्याचा ताप'.

५. म्हणीतला घोडा
'वरातीमागून घोडं' म्हणजे वेळ टळल्यावर केलेलं काम. फ्रेंच माणूस यालाच 'जेवण झाल्यावर मोहरीची चटणी' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. इंग्रजीत घोड्यापुढे गाडी जुंपतात, फ्रेंचमध्ये बैलांपुढे नांगर. पण ते उलट्या क्रमाबद्दल आहे, उशिराबद्दल नव्हे. घोडा दिसला म्हणून दोन्ही म्हणी एक समजू नका.

६. आपला घोडा
आता घरच्या अंगणात येऊया. शिगम्यात पेडणे, डिचोली, सत्तरीत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी तोंडाचा सजवलेला घोडा, हातात तलवार, पायात घुंगरू, आणि ढोल-ताशांचा गजर. राण्यांच्या पराक्रमाची ही आठवण, असं सांगतात. कुणा परदेशी पाहुण्याने विचारलं, "हे काय?" तर शब्दाला शब्द ठेवून 'हॉर्स-ब्रेकिंग' म्हणून मोकळं व्हायचं नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ रानटी घोड्याला माणसाळवणं. आपला अख्खा नाच त्यात हरवतो!

अशा कमरेला बांधलेल्या घोड्याला इंग्रजीत 'हॉबी-हॉर्स' म्हणतात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या पॅडस्टो गावात १ मे रोजी तो नाचतो. छंदाला आपण 'हॉबी' म्हणतो, तो शब्द या घोड्यापासूनच आला. फ्रेंचमध्ये त्याला 'शव्हाल-ज्युपों', म्हणजे परकराचा घोडा. आणि लहान मुलांच्या बोलीत घोडा म्हणजे 'दादा'! कुणाचा आवडता, सारखा उगाळला जाणारा विषय असेल तर तोही त्याचा 'दादा'.

तरीही 'घोडेमोडणी' हे नाव तसंच ठेवावं आणि पुढे एका वाक्यात समजावून सांगावं, हे उत्तम. नाव आपलं, स्पष्टीकरण त्यांच्या भाषेत.

लक्षात ठेवायचं एवढंच: भाषांतर करताना आधी विचारा, हा घोडा इथे काय काम करतोय? धावतोय, भार पेलतोय, गोळी उडवतोय, की नाचतोय? मग शब्द शोधा.

स्वाध्याय: 'गंगेत घोडं न्हालं' आणि 'घोडामैदान जवळच आहे' हे इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये कसं सांगाल? घोडा आलाच पाहिजे असं नाही. आणि घरी आजी-आजोबांना विचारून घोड्याचा आणखी एखादा अर्थ सापडतो का, तेही पाहा.