कंपनी परदेशातली, पैसे आपले: भांडण झालं तर कायदा कुठला?

या आठवड्याच्या व्हिडिओत एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला, तो इथे घेतो. याच मुद्द्यात माझे स्वतःचे दोन लाख अडकले, म्हणून जरा नीट वाचा.

२०१९ साली ओळखीच्या एका मुलाच्या ॲप कंपनीत मी पैसे घातले. ऑफिस पुण्यात, माणसं पुण्यातली, गिऱ्हाईकही इथलंच. नोंदणी मात्र अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात. मी म्हटलं, आपल्याला काय फरक पडतो? पुढे कळलं की कंपनीचं मोठं काम त्याने गुपचूप नातेवाइकाच्या फर्मला देऊन टाकलं. मी तावातावाने वकिलांकडे गेलो. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "कंपनी कुठे नोंदवलीय? आणि भागधारकांच्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव आहे का?"

नाव नव्हतं. माझ्याकडे होता फक्त पुढे कधीतरी शेअर मिळण्याचा करार.

आधी समजून घ्या: नुकसान कोणाचं?

संचालकाने कंपनीचे पैसे उडवले तर नुकसान थेट कंपनीचं होतं. म्हणजे दावा कंपनीने लावायचा. पण कंपनीच्या चाव्या त्याच संचालकाच्या हातात! अशा वेळी भागधारक कंपनीच्या वतीने कोर्टात जातो. याला डेरिव्हेटिव्ह सूट म्हणतात. शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हशी याचा काही संबंध नाही. आणि लक्षात ठेवा, दावा जिंकला तर भरपाई सहसा कंपनीच्या खात्यात जाते, तुमच्या नाही.

मग कायदा कुठला लागतो?

साधारण नियम असा: कंपनीची नोंदणी जिथली, तिच्या अंतर्गत कारभाराला कायदा तिथला. अमेरिकेत याला इंटरनल अफेअर्स डॉक्ट्रिन म्हणतात. कारण सोपं आहे. भागधारक दहा देशांत असतील तर संचालकांनी दहा देशांचे कायदे पाळायचे का? एकच कायदा हवा, आणि तो कंपनीच्या जन्मगावचा.

ताजं उदाहरण बघा. बार्कलेज ही इंग्लंडमध्ये नोंदलेली बँक. एझ्रासन्स नावाच्या भागधारक कंपनीने बार्कलेजच्या वतीने तिच्या संचालक-अधिकाऱ्यांवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. त्यांचं म्हणणं, न्यूयॉर्कचा कायदा इथे धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या बाबतीतही असा दावा करू देतो. पण इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी कायद्यात हा हक्क कंपनीच्या 'सदस्याला' आहे, म्हणजे मुख्यतः ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे त्याला. एझ्रासन्सचं नाव तिथे नव्हतं, शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवलेले होते. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की कायदा इंग्लंडचाच लागणार. दावा फेटाळला गेला. संचालक चुकले की नाही, हा प्रश्न आलाच नाही!

एक बारकावा

दावा कोण लावू शकतो, हे जन्मगावचा कायदा ठरवतो. कोर्टाचं कामकाज कसं चालायचं, हे मात्र खटला चालवणारं कोर्ट स्वतःच्या नियमाने ठरवतं. २०१७ मध्ये केमन बेटांवर नोंदलेल्या स्कॉटिश री या कंपनीच्या प्रकरणात याच न्यूयॉर्कच्या कोर्टाने हा फरक केला. अशा दाव्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यायची, हा केमनचा नियम त्यांनी कामकाजाचा नियम मानला आणि न्यूयॉर्कमध्ये लागू केला नाही.

आपल्याकडे काय?

भारतात नोंदलेली कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याखाली गैरकारभाराविरुद्ध एनसीएलटीकडे जाता येतं. १० टक्के भागभांडवल हातात असेल तर तेवढं पुरतं. ते नसेल तर १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांचा दहावा हिस्सा, यातला जो आकडा कमी तेवढे एकत्र यावे लागतात. हा अर्ज डेरिव्हेटिव्ह सूटपेक्षा वेगळा आहे, पण छोट्या भागधारकाच्या कामाचा आहे. मात्र हे दार इथे नोंदलेल्या कंपनीसाठी आहे. ऑफिस पुण्यात आहे म्हणून डेलावेअरची कंपनी भारतीय होत नाही.

पैसे देण्याआधी चार प्रश्न

१. नोंदणी कोणत्या देशात? दाखला बघा, तोंडी उत्तर नको.
२. मला आज शेअर मिळतायत, की पुढे मिळण्याचं वचन?
३. रजिस्टरमध्ये माझं नाव लागणार का? उतारा मागा.
४. करारात वाद कुठल्या कोर्टात आणि कुठल्या कायद्याने सुटेल असं लिहिलंय?

चौथा प्रश्न विसरू नका. तुम्हालाच थेट फसवलं असेल किंवा करार मोडला असेल, तर ते भांडण तुमचं स्वतःचं. त्याचा हिशोब वेगळा असतो आणि करारातली ओळ तिथे कामाला येते. माझ्या करारात ती ओळ कुठली आहे, हे मी पैसे दिल्यानंतर वाचलं. तुम्ही आधी वाचा, आणि रक्कम मोठी असेल तर वकिलाची फी वाचवू नका.

दुकानात माल उतरवताना आपण पोती मोजून घेतो ना? मग शेअर घेताना कागद का मोजत नाही? भेटू पुढच्या व्हिडिओत!