पितळ उघडे पडते तेव्हा

हे लिहिण्यात लोककल्याणाचा हेतू निम्माच आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. उरलेला निम्मा हेतू असा, की ज्या मंडळींनी अख्खा हंगाम माझ्या हातावर, माझ्या श्वासावर आणि अखेरीस माझ्या बुद्धीवर ठपका ठेवला, त्यांच्यापुढे माझी बाजू एकदा तपशीलवार मांडली जावी.

अ‍ॅरिझोनात, फीनिक्स शहराच्या उत्तरेस, बेन एव्हरी नावाचे जे विस्तीर्ण नेमबाजीचे मैदान आहे, तेथे १००० यार्डांवरून मी एफ-क्लासची नेमबाजी करतो. कॅनडाचे जॉर्ज फार्कहर्सन यांच्या आडनावाचे आद्याक्षर धारण करणारा हा प्रकार पालथे पडून, रायफल टेकवून आणि दुर्बिणीतून खेळतात, त्यामुळे तो आळशांचा खेळ आहे असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १० इंच असतो, हे त्या पाहणाऱ्यास ठाऊक नसते. माझे काडतूस .३०८ विंचेस्टर, १९५२ सालापासून चालत आलेले, आणि ते मी घरीच भरतो. मायदेशी १९५९च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून असे करणे हा गुन्हा ठरेल. इकडे मात्र ती जुनी वहिवाट आहे.

विकार असा होता, की गोळ्या आडव्या फारशा सरकत नसत, पण उभ्या रेषेत वर-खाली पसरत. आणि तेही शंभर यार्डांवर नव्हे, तर केवळ हजारांवर. ज्याने अंकगणित केले आहे त्याला यात गूढ काही नाही. या काडतुसात वेगाचा सेकंदाला १० फुटांचा फरक म्हणजे हजार यार्डांवर उंचीत सुमारे तीन इंचांचा फरक. तोच वेग ३० फुटांनी हलला, तर दहाचे वर्तुळ जवळजवळ संपलेच. शंभर यार्डांवर तेवढ्याच फरकाने गोळी इंचाच्या दहाव्या हिश्श्याइतकीही हलत नाही, म्हणून तेथले सुबक लक्ष्यपत्र हा कशाचाच दाखला नव्हे.

आमच्या मंडळीत एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. नाव घेत नाही, कारण ज्यांनी ओळखायचे ते ओळखतीलच. माझे लक्ष्यपत्र पाहून त्यांनी तत्काळ निदान केले, की मला वारा वाचता येत नाही. वारा गोळीला मुख्यतः आडवा ढकलतो आणि माझी गोळी आडवी जातच नाही, असे मी नम्रपणे निवेदन केले, तर त्यांनी खांद्यावर हात ठेवून मंद स्मित केले. तसे स्मित निरुत्तर झालेली वडीलधारी माणसे जगभर करीत असावीत. वेगमापक यंत्राचे आकडे दाखवले, तर यंत्रे खोटे बोलतात म्हणाले. पुढे त्यांच्याच सल्ल्यावरून मी दारूचा नवा डबा आणला, नवा साचा घेतला, आणि नवी नळी बसवण्याचा हुकूमही सुटला होता. तो मात्र मी, केवळ खिशाच्या विनंतीवरून, तहकूब ठेवला.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे: ज्या पितळी पुंगळ्यांत मी ही काडतुसे भरीत होतो, त्या याच गृहस्थांनी मला विकल्या होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच खेपेच्या, एकदाच उडवलेल्या, अशी ग्वाही देऊन विकल्या होत्या.

साचा, दारू, प्रायमर, तराजू असे सगळे निर्दोष ठरल्यावर एका रात्री, दुसरे काही उरले नाही म्हणून, मी एकेक रिकामी पुंगळी वजन करून जेवणाच्या टेबलावर मांडू लागलो. तासाभराने पाहतो तो तांदूळ निवडावेत तशा दोन राशी आपोआप पडल्या होत्या आणि मध्ये जवळजवळ काहीच नव्हते. दोहोंत दहा-बारा ग्रेनांचे अंतर होते. बुडावरचा छाप तोच, पण खेप ती नव्हे. मग दोन्ही राशींतील माझ्याच रायफलीतून उडालेल्या, साच्यात न घातलेल्या पुंगळ्या, जुना प्रायमर जागीच ठेवून, काठोकाठ पाण्याने भरून तोलल्या: जड पुंगळीत पाणी कमी मावत होते. बाहेरचा आकार रायफलीच्या कोठीने ठरवलेला, म्हणून जास्तीचे पितळ जाणार ते आतच. आतली जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब अधिक आणि वेग अधिक. दोन्ही राशी वेगवेगळ्या उडवून पाहिल्या आणि दोन वेग समोर आले. त्या क्षणी आनंद झाला असे म्हणवत नाही. संतापच अधिक झाला.

एवढ्यावरच भागले नाही. जड राशीतील एक पुंगळी करवतीने उभी चिरली, तेव्हा बुडाच्या किंचित वर, आतल्या अंगास, पितळ ताणून पातळ झाल्याने पडलेली स्पष्ट खाच दिसली. एकदाच उडवलेल्या पुंगळीत अशी खाच सहसा पडत नाही. त्या ठिकाणी पुंगळी दुभंगली तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येण्याचा संभव असतो. तेव्हा हा मामला केवळ गुणांचा नव्हता.

त्यांना विचारले असता त्यांनी प्रथम स्मरणाचा अभाव दर्शवला, मग आपणही त्या कोणाकडून तरी घेतल्या होत्या असा जबाब दिला, आणि शेवटी, मी एवढे बारीक पाहत बसतो म्हणूनच माझा नेम चुकतो, असा निष्कर्ष काढला. एकाच खेपेच्या नव्या पुंगळ्या घेतल्यावर माझी उभी फाकळी वर्तुळात आली. ते पत्र पाहून, अखेर मी वारा वाचायला शिकलो, असे त्यांनी चारचौघांत जाहीर केले!

तेव्हा जुन्या पुंगळ्या विकत घेणाराने ग्वाहीवर न जाता प्रत्येक पुंगळी तोलावी आणि टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवून पाहावी. तार अडखळली, की पुंगळी बाद. खेप बदलली, की दारूचे जुने माप जसेच्या तसे उचलू नये. उत्पादकाच्या पुस्तिकेतील खालच्या मापापासून पुन्हा चढत यावे. पाच गोळ्यांच्या आकड्यांवरून वेगाविषयी मत बनवू नये, निदान वीस तरी मोजाव्यात. पुंगळीची मान वारंवार वापराने कठीण होते आणि गोळीवरची तिची पकड कमीजास्त होते, म्हणून सगळ्यांना सारख्याच वेळा तापवून नरम करावे, नाहीतर कोणालाच करू नये. विद्युत-तराजू वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून दूर ठेवावा आणि प्रमाण-वजनाने वरचेवर तपासावा. आमच्याकडील उन्हात भरलेले काडतूस तापल्या कोठीत ताटकळत ठेवू नये, वेग चढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वही ठेवावी. घाई करू नये. हे शेवटचे सगळेच सांगतात.

त्या जड पुंगळ्या निम्म्या किमतीत परत घेण्याची तयारी त्या गृहस्थांनी नंतर दाखवली, कारण एक नवखा तरुण पुंगळ्यांच्या शोधात होता. मी त्या पुंगळ्यांची तोंडे पकडीने चेपून त्या भंगारात दिल्या. चांगले पितळ मी वाया घालवले, अशी त्यांची फिर्याद अद्याप चालू आहे.